नमस्कार घालताना

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गेल्या पावसाळ्यात माझा उजवा खांदा धरला. सदऱ्याच्या बाहीत हात जाईना, आणि फळीवरचं पुस्तक काढायचं तर डावा हात वर करावा लागे. महिनाभर तेल चोळून झालं, शेकून झालं. शेवटी सांगलीतल्या एका फिजिओथेरपिस्टकडे गेलो. माझ्या मुलीच्या वयाची मुलगी. तिनं हात वर-खाली करून पाहिला आणि विचारलं, "काका, व्यायाम काय करता?"

मी जरा ऐटीतच सांगितलं, "रोज चोवीस सूर्यनमस्कार. पंधरा वर्षं झाली, खंड नाही."

मला वाटलं, आता शाबासकी मिळणार. ती म्हणाली, "घालून दाखवा बरं."

तिथल्या सतरंजीवर मी तीन नमस्कार घातले. तिनं बाजूला उभं राहून मोबाइलवर त्याचं चित्रण केलं आणि मग संथ गतीनं मला दाखवलं. त्या पडद्यावर जो गृहस्थ दिसत होता तो नमस्कार घालत नव्हता. तो स्वतःला जमिनीवर टाकत होता आणि कसाबसा गोळा करून उचलत होता. मी गप्प झालो. ती मात्र समजुतीनं म्हणाली, "तुमची आसनं वाईट नाहीत, काका. जिथं थांबता तिथं बरे दिसता. बिघडतंय ते मधल्या मधे."

आज मला बोलायचं आहे ते या 'मधल्या मधे'बद्दल. सूर्यनमस्कार ही एकामागून एक वाहत जाणारी क्रिया आहे. तिची चित्रं आपण भिंतीवरच्या तक्त्यात पाहिलेली असतात. तक्त्यात दहा किंवा बारा माणसं आपापल्या चौकटीत निश्चल उभी असतात. एका चौकटीतला माणूस दुसऱ्या चौकटीत कसा गेला, हे तक्ता सांगत नाही. दुखापत होते ती नेमकी तिथं.

आता आमच्या भागात सूर्यनमस्कारावर बोलायचं आणि औंधचं नाव घ्यायचं नाही, हे शक्य नाही. सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातलं हे औंध. यमाईचा डोंगर, आणि १९३८ साली उभं राहिलेलं श्री भवानी संग्रहालय, यांमुळे पुष्कळांनी ते पाहिलेलं असेल. एकेकाळी ते संस्थान होतं आणि त्याचे तुकडे दूरवर विखुरलेले होते. खुद्द औंध आजच्या सातारा जिल्ह्यात, आटपाडी आणि कुंडल आजच्या सांगली जिल्ह्यात, आणि गुणदाळ तर पार विजापूरकडे. या संस्थानचे राजे भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. जन्म १८६८, मृत्यू १९५१. चित्रकार, कीर्तनकार, आणि १९३९ साली गांधीजींच्या सल्ल्यानं स्वतःची सत्ता प्रजेच्या हाती देणारे संस्थानिक.

या राजेसाहेबांनी आधी व्यायाम केला तो सँडोचा. युजेन सँडो हा त्या काळचा जगप्रसिद्ध बलोपासक. त्याची पुस्तकं आणि साधनं राजेसाहेबांनी मागवली आणि दहा वर्षं तो व्यायाम निष्ठेनं केला. मग मिरजेच्या अधिपतींनी, म्हणजे त्यांच्या स्नेह्यांनी, आग्रह धरला म्हणून ते नमस्काराकडे वळले, आणि वळले ते कायमचे. संस्थानच्या शाळांत त्यांनी नमस्कार सक्तीचे केले. १९३६ साली ते इंग्लंडला गेले तेव्हा लुईझ मॉर्गन या पत्रकार बाईंनी त्यांची मुलाखत घेतली. पुढं १९३८ मध्ये त्यांच्याच संपादनाखाली लंडनहून राजेसाहेबांचं इंग्रजी पुस्तक निघालं. आरोग्याचा दहा टप्प्यांचा मार्ग, असं त्याचं नाव. नमस्कार त्याआधीही घातले जात होतेच. समर्थ रामदासांच्या नमस्कारांच्या कथा साताऱ्यात घरोघरी सांगतात. पण शाळेच्या पटांगणात शंभर मुलांनी एका आवाजात घालायचा व्यायाम, हे त्याचं रूप मुख्यतः औंधचं.

माझे अब्बा त्या शंभरांतले एक. त्यांचं बालपण आटपाडीत गेलं, म्हणजे औंध संस्थानात. १९४० च्या आसपास ते शाळेत होते. रोज सकाळी नमस्कार असत. मित्र, रवी, सूर्य, भानू, खग, पूषन् असं करत भास्करापर्यंतची बारा नावं त्यांना म्हातारपणीही तोंडपाठ होती. घरी ते पाच वेळची नमाज पढत आणि सकाळच्या नमाजनंतर परसात दहा नमस्कार घालत. नावं घेत नसत, आकडे मोजत. मी लहानपणी त्यांना एकदा विचारलं होतं, "अब्बा, हे पण नमस्कार आणि तो पण सजदा, मग फरक काय?" ते म्हणाले, "सजद्यात मागायचं असतं. इथं मोजायचं असतं."

पुढं या विषयावर देशात बरेच वाद झाले. २००७ साली मध्य प्रदेशात शाळांतल्या सूर्यनमस्कारावरून प्रकरण न्यायालयात गेलं. २०१५ च्या २१ जूनला पहिला आंतरराष्ट्रीय योगदिन झाला, तेव्हा त्याच्या सामायिक कार्यक्रमात सूर्यनमस्कार ठेवलेच नव्हते. दोन्ही बाजूंची भाषणं मी वाचली. मला विचाराल तर सक्ती कशाचीच नको, व्यायामाची तर नकोच, कारण सक्तीचा व्यायाम मुलं चुकीचा करतात आणि तीच चूक आयुष्यभर वागवतात. मंत्र म्हणावा की म्हणू नये, हे ज्यानं त्यानं ठरवावं. कोपर कुठं असावं हे मात्र दोघांनाही सारखंच आहे.

कोपराकडे येतोच. त्याआधी अब्बांची आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण त्या मुलीनं मोबाइलवर दाखवलं ते अब्बा मला वेगळ्या निमित्तानं फार पूर्वीच सांगून गेले होते. लहानपणी मी नमाज भराभर उरकायचो, बाहेर गोट्या वाट पाहत असायच्या. अब्बा म्हणायचे, "कावळ्यासारखी चोच मारू नकोस." ही उपमा त्यांची स्वतःची नाही, हदीसमध्येच आहे. रुकूत, म्हणजे गुडघ्यांवर हात ठेवून वाकल्यावर, पाठ अशी सपाट हवी की तिच्यावर पाणी ओतलं तर ठरावं, असं सांगतात. सजद्यात कपाळ, दोन हात, दोन गुडघे, दोन पाय असे सात अवयव जमिनीला टेकतात, पण कोपरापासूनचा हात जमिनीवर पसरायचा नाही. आणि एका अवस्थेतून दुसरीत जाताना सगळी हाडं आपापल्या जागी येईपर्यंत थांबायचं. याला फार महत्त्व आहे. साष्टांग नमस्कारात टेकणारे अवयव आठ; सजद्याच्या सातांत छातीची भर पडते, एवढंच. मी नमाजमधली घाई मोठा झाल्यावर सोडली. नमस्कारातली घाई मात्र पन्नाशी उलटली तरी तशीच होती, आणि वर मी तिला सराव म्हणत होतो.

तर आता सांधे पाहू. शरीराचे नव्हे, नमस्काराचे.

पहिला सांधा उभ्यातून वाकण्याचा. हात वर करून मागे झुकताना बहुतेक लोक कमरेतून मोडतात. कमरेचे मणके तसेही वाकायला तयारच असतात, त्यामुळे सगळा बाक तिथं जमतो आणि दुखतं. बाक छातीतून यायला हवा. पोट थोडं आत, मांड्या घट्ट, आणि छाती कुणी दोऱ्यानं वर ओढतंय अशी. मागे किती गेलो, याला काही किंमत नाही. मग पुढं वाकताना घडी कमरेत नव्हे, जांघेत पडली पाहिजे. इथं मला रुकू उपयोगी पडला. आधी सपाट पाठीनं अर्ध्यावर यायचं, तिथून खाली जायचं. हात जमिनीला टेकत नसतील तर गुडघे वाकवावेत. गुडघे ताठ ठेवून पाठीचं कुबड काढण्यापेक्षा गुडघे वाकवून पाठ लांब ठेवणं केव्हाही चांगलं. आमच्या शाळेत कवायतीच्या तासाला गुडघा वाकला की पोटरीवर छडी बसायची. ती छडी पाठीवर बसली असती, म्हणजे पाठीकडे लक्ष गेलं असतं, तर निदान उपयोग झाला असता.

हात टेकले की ते तिथंच राहायला हवेत, परत उभं राहीपर्यंत. हा औंधच्या पद्धतीतला मला सर्वांत शहाणपणाचा वाटलेला नियम. हात सरकले नाहीत तर बाकीच्या सगळ्या चुका आपोआप उघड्या पडतात. मी फरशीवर खडूनं दोन रेघा मारल्या आणि पहिल्याच दिवशी कळलं की एका नमस्कारात माझे तळवे वीतभर पुढं जातात.

दुसरा सांधा माझ्या खांद्याचा गुन्हेगार. दोन्ही पाय मागे गेले, शरीर फळीसारखं सरळ झालं. इथून साष्टांगात उतरायचं. मी काय करत होतो? पोट सैल सोडून देत होतो, कोपरं पंखांसारखी बाजूला फाकत होती आणि सगळं वजन धप्पकन खांद्यांवर येत होतं. कोपरं अशी फाकली आणि खांदे पुढं लोंबले की खांद्याच्या टोकाच्या हाडाखालून जाणारा स्नायूचा दोर चिमटीत सापडतो. रोज चोवीस वेळा म्हणजे वर्षाला साडेआठ हजारांवर चिमटे. दोरच तो, झिजणारच.

उतरायची रीत अशी. आधी गुडघे टेकायचे, मग छाती, मग कपाळ. कोपरं बरगड्यांना घासत मागच्या दिशेनं जायला हवीत. छाती दोन तळव्यांच्या मध्ये यायला हवी, त्यांच्या फार पुढं किंवा मागं नको. कंबर वर, पोट जमिनीपासून सुटलेलं. आणि हे सगळं मनात चार आकडे मोजत. ज्याला चार आकड्यांत खाली येता येत नाही, त्याच्यात अजून तेवढी ताकद नाही, असं सरळ समजावं. त्यानं काही दिवस फक्त गुडघे टेकून हेच उतरणं करावं. मी तीन आठवडे केलं. पंधरा वर्षांच्या 'सरावा'नंतर बालवर्गात बसल्यासारखं वाटलं, पण खांदा पहिल्यांदा शांत झाला तो त्याच तीन आठवड्यांत. साष्टांगातून भुजंगासनात येतानाही हात रेटून वर जायची घाई नको. आधी पाठीनं उठायचं, हातांनी नंतर मदत करायची. खांदे कानांपासून दूर, कोपरं किंचित वाकलेली असली तरी चालतात.

तिसरा सांधा म्हणजे पाय पुढं आणण्याचा. शरीर डोंगरासारखं, ढुंगण वर, हात-पाय जमिनीवर. इथून एक पाय दोन हातांच्या मध्ये यायला हवा. तो येत नाही. वीतभर मागंच पडतो. मग आपण हात उचलून मागं घेतो, किंवा उडी मारतो, किंवा पाऊल फरफटत नेतो. पाय आखूड असतो म्हणून हे होत नाही. ढुंगण आधीच खाली आलेलं असतं आणि मधली जागा भरून टाकतं. म्हणून आधी वजन पुढं तळव्यांवर घ्यायचं, पोट आत ओढून पाठ वर उचलायची, गुडघा छातीला लावायचा आणि मग पाऊल ठेवायचं. तरी कमी पडलं तर घोटा हातानं धरून जागेवर आणावा, त्यात कमीपणा नाही. किंवा तळव्यांखाली एकेक वीट ठेवावी. हात चार बोटं उंच झाले की पायाला तेवढी वाट मिळते.

विटेवरून आठवलं. पुण्यात १९३७ साली आलेले बी. के. एस. अय्यंगार यांनी आसनांसाठी लाकडी ठोकळे, पट्टे, खुर्च्या, दोर वापरायला सुरुवात केली. एका आसनात थांबायचं आणि त्यात बोटाच्या पेराएवढी सुधारणा करत राहायचं, ही त्यांची रीत. त्यांचे गुरू म्हैसूरचे कृष्णम्माचार्य. त्याच गुरूंचे दुसरे शिष्य पट्टाभि जोइस. त्यांची रीत वाहती, एका श्वासाला एक हालचाल, सुरुवात सूर्यनमस्कारानं. अमेरिकेत आणि युरोपात आज जे वाहतं योगासन चालतं, त्यातलं पुष्कळसं या दुसऱ्या शाखेतून गेलेलं. एका गुरूचे दोन शिष्य, एक थांबवणारा आणि एक वाहवणारा. मला वाटतं, नमस्कार सुधारायचा तर दोघांकडे जावं लागतं. काही दिवस थांबून तुकडे घासायचे, मग पुन्हा वाहायला सोडायचे.

श्वासाचं गणित वरवर सोपं आहे. शरीर उघडतं तेव्हा श्वास आत, मिटतं तेव्हा बाहेर. पण खरी खोच आरंभात आहे. श्वास आधी सुरू व्हावा, हालचाल त्याच्या मागून निघावी, आणि श्वास संपायच्या आत हालचाल संपावी. श्वास तुटायला लागला, तोंड उघडलं, की समजावं आपण शरीराच्या पुढं पळतोय. मी कविता वाचणारा माणूस. वृत्तात लिहिणारा नवखा कवी एकेक शब्द बरोबर मापाचा आणतो आणि ओळ मात्र यतीच्या जागी अडखळते. ऐकणाऱ्याला ते लगेच कळतं, लिहिणाऱ्याला उशिरा. दुसऱ्यांच्या ओळींतले असे अडखळे मी गेली तीस वर्षं दाखवत आलो, आणि रोज सकाळी फरशीवर स्वतः तेच करत होतो.

आकड्यांचा मोह सोडणं सर्वांत कठीण गेलं. पूर्वी दहा मिनिटांत चोवीस व्हायचे, म्हणजे एकाला पंचवीस सेकंद. आता तेवढ्याच वेळात आठ होतात. मित्र विचारतात, "किती घालता?" आठ सांगताना अजूनही जीभ जड होते. अब्बा दहाच घालायचे आणि मी तरुणपणी मनात हसायचो. आता नियम एवढाच ठेवलाय की शेवटचा नमस्कार पहिल्यासारखा दिसला पाहिजे. नाही दिसला तर त्याच्या आधीचा शेवटचा होता, असं धरायचं.

थोडं सावधगिरीचं. रक्तदाब चढा असेल, काचबिंदू किंवा डोळ्याच्या पडद्याचा विकार असेल, हर्निया असेल, नुकतंच ऑपरेशन झालं असेल, पोटात बाळ असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घालू नयेत. डोकं खाली जातं तेव्हा डोळ्यांतला दाब वाढतो. ज्यांना फरशीवर बसणं-उठणं जड जातं त्यांनी हात खुर्चीच्या बैठकीवर किंवा ओट्यावर टेकून हीच क्रिया करावी. मनगट दुखत असेल तर सगळी बोटं पसरून तर्जनीच्या बुडाशी वजन द्यावं, नुसतं मनगटाच्या टाचेवर नको. आणि बाजूनं कुणाला तरी चित्रण करायला सांगावं. आरसा समोरून दाखवतो, चुका बाजूनं दिसतात.

त्या मुलीकडे मी दोन महिन्यांनी पुन्हा गेलो. खांदा सुटला होता. तिनं पुन्हा तीन नमस्कार घालायला लावले, पुन्हा चित्रण केलं आणि एक नवीच गोष्ट दाखवली. मी पंधरा वर्षं दर वेळी उजवाच पाय आधी मागं नेत होतो आणि उजवाच आधी पुढं आणत होतो. एकदा उजवा, एकदा डावा, अशी पाळी असते हे मला अब्बांनी सांगितलं होतं. मीच विसरलो होतो.

आता पाळी लावली आहे. खडूच्या रेघा आमच्या घरी रोज फरशी पुसताना जात होत्या. एक दिवस पाहतो तर बायकोनं त्यांच्या जागी दोन चिकटपट्ट्या लावून ठेवलेल्या. त्या रेघेपासून उजवं पाऊल चार बोटं मागं पडायचं, ते दोन बोटांवर आलं आहे. डावं अजून वीतभर लांब आहे.